केळीच्या पर्णगुच्छावर ट्रॉम्बेचा बारीक आरएनए : रोपं अजून बाजारात का नाहीत, आणि हीच युक्ती माणसाच्या औषधात कशी आली?

मुंबई उपनगर : भुईमुगाची टीएजी २४ आणि उडदाची टीएयू १ ही नावं शेतकऱ्यांना नवी नाहीत. या नावांतला 'टी' म्हणजे ट्रॉम्बे आणि 'ए' म्हणजे अकोला. मुंबई उपनगर जिल्ह्यातील कुर्ला तालुक्यात, घाटकोपरहून मानखुर्द ओलांडलं की ट्रॉम्बे लागतं. तिथल्या भाभा अणुसंशोधन केंद्राने अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या सोबतीने या जाती काढल्या. याच केंद्रात केळीवरही काम झाले आहे. पर्णगुच्छ रोगाचा विषाणू रोपांवर सोडला तरी रोग न घेणारी केळीची रोपं तयार झाल्याचे इथल्या शास्त्रज्ञांनी २०१२ साली प्रसिद्ध केले. त्यात कसली फवारणी नव्हती. रोपाच्या पेशीत तयार होणारे आरएनएचे बारीक तुकडे विषाणूला आवर घालत होते.

याला आता बरीच वर्षं झाली, पण ही रोपं शेतकऱ्याच्या हातात आलेली नाहीत. दुसरीकडे, हीच युक्ती वापरून बनवलेली माणसांची औषधं परदेशात मंजूर झाली आहेत. आरएनए, जीन, इंजेक्शन हे शब्द मोबाईलवर आले की अर्धी भीती आणि अर्धी आशा अशी अवस्था होते. म्हणून हे बारीक आरएनए नेमकं काय करतात, झाडात आणि माणसात ते सारखेच चालतात का, आणि केळी उत्पादकाने आज कशावर विसंबायचं, हे नीट समजून घेतलेलं बरं.

पर्णगुच्छ म्हणजे काय?

पर्णगुच्छाला बरेच जण बंची टॉप म्हणतात. नवी पानं आखूड, अरुंद आणि ताठ निघतात. ती शेंड्याला गुच्छासारखी दाटतात. पानाच्या देठावर आणि मधल्या शिरेवर गर्द हिरवे ठिपके आणि रेघा दिसतात, पानाच्या कडा पिवळ्या पडतात. लहानपणीच रोग लागला तर झाड सहसा घड देत नाही. रोग विषाणूचा आहे, त्यामुळे लागलेलं झाड बरं करणारं औषध नाही.

हा विषाणू दोन वाटांनी पसरतो. एक म्हणजे केळीवरचा काळपट मावा, जो पानांच्या बेचक्यात आणि खोडाच्या आवरणाखाली दडून बसतो. दुसरी वाट म्हणजे रोगट बागेतून आणलेले मुनवे आणि कंद. भारतात हा रोग १९४० च्या सुमारास श्रीलंकेतून केरळात आला, आणि तमिळनाडूच्या डोंगरी भागातील विरुपाक्षी या नावाजलेल्या केळीच्या बागा त्याने उठवल्या. खानदेशात ज्याला हरण्या म्हणतात तो सीएमव्ही विषाणू वेगळा. दोन्ही विषाणूजन्यच, पण ट्रॉम्बेचं २०१२ चं काम पर्णगुच्छापुरतं होतं.

पेशीतलं दप्तर आणि उतारा

जमिनीची मूळ नोंद दप्तरात राहते. बँकेत जायचं तर आपण तिचा उतारा काढून नेतो. मूळ दप्तर कुणी उचलून बाहेर नेत नाही. पेशीतही असंच चालतं. मूळ नोंद म्हणजे डीएनए. त्यातली एका कामाची नोंद म्हणजे एक जनुक, ज्याला आपण सर्रास जीन म्हणतो. पेशीला एखादं प्रथिन बनवायचं असलं की त्या जनुकाचा उतारा निघतो. हा उतारा म्हणजे संदेशवाहक आरएनए. त्यावरचा मजकूर वाचून प्रथिन तयार होतं. झाडाचा हिरवा रंग, माणसाच्या रक्तातली साखर सांभाळणं, विषाणूची वाढ, या सगळ्यामागे अशी प्रथिनं असतात.

बारीक आरएनए मूळ दप्तराला हात लावत नाही. तो फक्त उतारा फाडतो. जनुक जागच्या जागी शाबूत असतं, पण त्याचा निरोप पोचत नाही आणि प्रथिन बनत नाही. यालाच शास्त्रज्ञ 'जनुक गप्प करणं' म्हणतात.

हे कसं घडतं ते पाहू. आरएनएची लिपी चारच अक्षरांची आहे : ए, यू, जी आणि सी. ए समोर यू बसतो आणि जी समोर सी बसतो. पेशीतला उतारा एकपदरी असतो. पण दोन आरएनए असे असले की एकाचं प्रत्येक अक्षर दुसऱ्याच्या अक्षरासमोर चपखल बसतं, तर ते एकमेकांना चिकटून दुपदरी होतात. लांबलचक दुपदरी आरएनए दिसला की पेशी सावध होते, कारण बरेच विषाणू वाढताना असाच आरएनए तयार होतो.

मग डायसर नावाचं प्रथिन पुढे येतं. अडकित्त्याने सुपारी कातरावी तसं ते लांब दुपदरी आरएनएचे साधारण २१ ते २४ अक्षरांचे तुकडे करतं. हे तुकडे आर्गोनॉट नावाच्या दुसऱ्या प्रथिनाकडे जातात. आर्गोनॉट तुकड्याचा एक पदर टाकून देतं आणि दुसरा जवळ ठेवतं. हा पदर म्हणजे पोलिसाच्या हातातला संशयिताचा फोटो समजा. तो घेऊन आर्गोनॉट पेशीतले उतारे तपासत फिरतं. अक्षराला अक्षर जुळलं की तिथेच तो उतारा कापतं. फोटो मात्र हातातच राहतो, त्यामुळे एकच तुकडा एकामागून एक अनेक उतारे नष्ट करू शकतो.

ट्रॉम्बेत काय केलं?

पर्णगुच्छाच्या विषाणूला स्वतःच्या प्रती काढायला 'रेप' नावाचं प्रथिन लागतं. ते बनलं नाही तर त्याची वाढच खुंटते. उपेंद्र शेखावत, टी. आर. गणपती आणि अशोक हडपद या शास्त्रज्ञांनी नेमका हाच खिळा पकडला. रेपच्या जनुकातला मजकूर एकदा सुलटा आणि एकदा उलटा, मध्ये थोडी जागा सोडून, असा जोडून त्यांनी तो केळीच्या पेशींमध्ये बसवला. या मजकुराचा उतारा निघाला की तो मधोमध दुमडतो आणि बायका केसांत लावतात त्या आकड्यासारखा दुपदरी होतो. पुढचं काम केळीची पेशीच करते. डायसर त्याचे तुकडे करतं, आर्गोनॉट ते उचलतं, आणि रोपाच्या अंगात विषाणूचा 'फोटो' आधीपासून तयार राहतो.

या पेशींपासून टिश्यू कल्चरने रोपं वाढवली. मग विषाणू असलेला मावा मुद्दाम त्यांच्यावर सोडला. सहा महिन्यांनंतरही या रोपांवर पर्णगुच्छाची लक्षणं दिसली नाहीत. रेपच्या मजकुराशी जुळणारे बारीक आरएनए त्यांच्यात सापडले, म्हणजे संरक्षण ठरवलेल्या वाटेनेच मिळत होतं.

इथे एक प्रश्न पडतो. झाडाकडे ही यंत्रणा मुळातच आहे, तर साध्या केळीला रोग होतोच कसा? उत्तर वेळेत आहे. साध्या झाडात विषाणू शिरल्यावर तुकडे बनायला सुरुवात होते, आणि तोवर विषाणू पुढे निघून गेलेला असतो. शिवाय अनेक विषाणू ही यंत्रणा अडवणारी प्रथिनं सोबत आणतात. ट्रॉम्बेच्या रोपात पहारेकरी आधीच उभा होता.

मर रोगावरही तीच युक्ती

२०१४ साली याच गटाने आणखी एक काम प्रसिद्ध केलं. त्यात सिद्धेश घाग, शेखावत आणि गणपती होते. या वेळी शत्रू होता फ्युजेरियम बुरशीमुळे होणारा मर रोग, म्हणजे पनामा मर. बुरशीच्या जगण्याला आवश्यक अशी दोन जनुकं त्यांनी निवडली आणि ती गप्प करणारे बारीक आरएनए रस्थाली जातीच्या केळीत तयार करवले.

यातली गंमत अशी की आरएनए बनतो केळीत, पण गप्प व्हायचं असतं बुरशीचं जनुक. बुरशी केळीच्या मुळातून आत शिरून तिच्यावर पोसते, तेव्हा तिचा केळीच्या पेशींशी जवळून संबंध येतो आणि हे तुकडे तिच्यावर चालतात. हरितगृहातल्या सहा आठवड्यांच्या चाचणीत एका जनुकासाठी ११ आणि दुसऱ्यासाठी १२ वाणांवर बाहेरून किंवा आतून रोगाची खूण आढळली नाही. त्यांतले प्रत्येकी पाच निवडून पुढे पाहिले. आठ महिन्यांनंतरही ते टिकून होते.

बिहार आणि उत्तर प्रदेशात मर रोगाचा टीआर ४ हा आक्रमक प्रकार सापडला आहे. तो आपल्याकडच्या ग्रँड नैनलाही सोडत नाही. म्हणून अशा संशोधनाकडे केळी उत्पादकांचं लक्ष असायला हवं. पण हरितगृहातल्या कुंडीत जमलेलं खुल्या शेतात, वेगळ्या जातीत आणि वेगळ्या बुरशीवर तसंच जमेल, असं धरून चालता येत नाही. ते शेतात तपासावंच लागतं.

फुलातून सापडलेली वाट

ही यंत्रणा कुणाला अवचितच दिसली. १९९० च्या सुमारास अमेरिकेत पेटुनियाची फुलं गडद जांभळी करण्यासाठी रंगाच्या जनुकाची जादा प्रत झाडात घालण्यात आली. रंग वाढायचा सोडून काही फुलं पांढरी निघाली. जादा प्रतीने मूळ जनुकालाही गप्प केलं होतं.

असं का झालं हे उलगडलं १९९८ मध्ये. अँड्र्यू फायर आणि क्रेग मेलो यांनी एका मिलिमीटरएवढ्या कृमीवर प्रयोग करून दाखवलं की जनुक गप्प करण्याची खरी ताकद दुपदरी आरएनएमध्ये आहे. या शोधाला २००६ चा नोबेल पुरस्कार मिळाला.

माणसाच्या आणि जनावरांच्या पेशीत अडचण कुठे आली?

झाडात आणि कृमीत हे जमलं म्हटल्यावर माणूस, गाय, उंदीर अशा सस्तन प्राण्यांच्या पेशीतही करून पाहिलं गेलं. पण तिथे लांब दुपदरी आरएनए टाकला की पेशी विषाणू आला असं समजून मोठी हाकाटी करते. इंटरफेरॉन नावाची धोक्याची घंटा वाजते आणि पेशी एका जनुकाऐवजी जवळपास सगळीच प्रथिनं बनवणं थांबवते. अनेकदा ती मरते. एक घुसखोर पकडायला अख्ख्या गावात संचारबंदी लावावी, तसं.

यावर तोडगा २००१ मध्ये निघाला. जर्मनीत थॉमस टुशल यांच्या गटाने डायसरचं काम आधीच उरकून टाकलं. त्यांनी लांब आरएनए दिलाच नाही. प्रयोगशाळेत २१ अक्षरांचे तयार तुकडे बनवून ते माणसाच्या पेशीत सोडले. एवढ्या लहान तुकड्याने धोक्याची घंटा वाजली नाही. आर्गोनॉटने मात्र ते उचलले आणि ठरवलेलं एकच जनुक गप्प झालं. 'बारीक' या शब्दाचं महत्त्व इथे आहे. आपल्या पेशीत काम करतो तो लहान तुकडाच.

आपल्या पेशी स्वतःही असे लहान आरएनए बनवतात. त्यांना मायक्रोआरएनए म्हणतात. कुठलं प्रथिन केव्हा आणि किती बनवायचं याची लगाम ते धरून असतात. उताऱ्याशी ते बहुधा पूर्ण जुळत नाहीत, म्हणून उतारा लगेच न कापता त्याचं वाचन रोखतात आणि हळूहळू तो नष्ट करवतात. पहिला मायक्रोआरएनए १९९३ मध्ये कृमीतच सापडला. त्यासाठी व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रुव्हकुन यांना २०२४ चा नोबेल मिळाला.

औषध कसं झालं?

पेशीत टाकणं जमलं, पण माणसाच्या शरीरात पोचवणं अवघड निघालं. नुसता आरएनए रक्तात टाकला तर तिथली विकरं त्याचा चुरा करतात, आणि उरलेला मूत्रपिंडं गाळून बाहेर टाकतात. त्यामुळे दोन वाटा शोधल्या गेल्या. पहिली, आरएनए चरबीच्या अतिसूक्ष्म थेंबात गुंडाळणं. या वाटेने बनलेलं पॅटिसिरान हे जगातलं पहिलं असं औषध ऑगस्ट २०१८ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. ते नसा निकामी करणाऱ्या एका दुर्मिळ आनुवंशिक आजारावर आहे.

दुसरी वाट म्हणजे तुकडा रसायनांनी टिकाऊ करून त्याला एका विशिष्ट साखरेचं शेपूट जोडणं. यकृताच्या पेशी ही साखर ओळखतात आणि तिच्यासोबत आरएनएही आत ओढून घेतात. कातडीखाली साधी सुई टोचली तरी काम होतं. कोलेस्टेरॉलवरचं इन्क्लिसिरान असंच बनलं आहे. ते यकृतातल्या पीसीएसके ९ या जनुकाचे उतारे फाडतं. हे प्रथिन कमी झालं की यकृत रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल जास्त उचलतं, आणि चाचण्यांमध्ये ते जवळपास निम्म्यावर आलं. पहिल्या सुईनंतर तीन महिन्यांनी दुसरी, आणि मग सहा महिन्यांतून एकदा. युरोपात डिसेंबर २०२० मध्ये आणि अमेरिकेत डिसेंबर २०२१ मध्ये त्याला मान्यता मिळाली.

वर्षात दोन सुया म्हटल्यावर रोजची गोळी बंद करायचा मोह होईल. तसं करू नये. कोलेस्टेरॉलसाठी स्टॅटिनच्या स्वस्त गोळ्या हाच पहिला उपाय आहे, आणि ही सुई कुणाला द्यायची हे हृदयरोगाचे डॉक्टर ठरवतात.

जीन बदलतं का? खाल्लं तर काय?

या सुईने माणसाचं जीन बदलत नाही. दप्तर जसंच्या तसं राहतं, उतारे तेवढे फाटतात. औषध संपलं की उतारे पुन्हा निघू लागतात. म्हणूनच सुई पुन्हा घ्यावी लागते.

करोनाच्या एमआरएनए लसीशी याची गल्लत होते. आपल्याकडे पुण्याच्या जेनोव्हा कंपनीच्या अशा लसीला २०२२ मध्ये परवानगी मिळाली. ती लस पेशीला नवा उतारा देते, म्हणजे एक प्रथिन बनवायला सांगते. बारीक आरएनएचं औषध पेशीतलाच उतारा फाडतं. दोघांचं काम एकमेकांच्या उलट आहे.

केळीची गोष्ट वेगळी. तिथे रोपाच्या डीएनएमध्ये नवा मजकूर कायमचा बसवलेला असतो. त्यामुळे ती जनुकीय बदल केलेली, म्हणजे जीएम रोपं ठरतात. मग अशी केळी खाल्ली तर आपली जनुकं गप्प होतील का? भाजी, डाळ, भाकरी, फळं या सगळ्यांत आरएनए असतोच, बारीक तुकडेही असतात, आणि आपण ते पिढ्यान्‌पिढ्या खात आलो आहोत. पोटातलं आम्ल आणि विकरं त्यांचा चुरा करतात. औषध बनवणाऱ्यांना तुकडा टिकवायला एवढा आटापिटा करावा लागला, यातच उत्तर आहे. शिवाय मजकूर जुळल्याशिवाय तुकड्याचं काम चालत नाही. तरीही प्रत्येक नव्या पिकाची वेगळी तपासणी व्हायलाच हवी, आणि तसा नियमही आहे.

मग रोपं का मिळत नाहीत?

आपल्या देशात जीएम पीक शेतात आणायचं तर केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या जीईएसी या समितीची परवानगी लागते. २००२ मध्ये बीटी कापूस आला. बीटी वांग्यावर २०१० मध्ये स्थगिती आली. जीएम मोहरीचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि जुलै २०२४ मध्ये दोन न्यायमूर्तींनी वेगवेगळे निकाल दिले. कापूस सोडला तर कुठलंही जीएम पीक देशात व्यावसायिक लागवडीत नाही.

जगात चित्र थोडं वेगळं आहे. हवाईमध्ये रिंगस्पॉट विषाणूने पपईच्या बागा संपत आल्या होत्या. तिथे १९९८ पासून रेनबो नावाची जीएम पपई लावतात. तिला रोगापासून वाचवते तीही हीच उतारा फाडण्याची यंत्रणा. अमेरिकेत डिसेंबर २०२३ मध्ये बटाट्यावरच्या भुंगेऱ्यासाठी दुपदरी आरएनएची फवारणी मंजूर झाली. त्यात पिकाचा डीएनए बदलावा लागत नाही. फवारलेलं पान खाल्लेल्या किड्याचं एक आवश्यक जनुक तेवढं गप्प होतं.

आज बागेत काय करायचं?

ट्रॉम्बेची केळी आज कुठल्याही रोपवाटिकेत विक्रीला नाही. 'आरएनएवाली', 'बंची टॉप कधीच न येणारी' असं सांगून कुणी रोपं विकत असेल तर ती घेऊ नयेत. पावती, रोपवाटिकेचा परवाना आणि रोपं विषाणूमुक्त असल्याच्या तपासणीचा दाखला मागावा.

लागवडीसाठी तपासलेली टिश्यू कल्चर रोपं वापरावीत. रोगट बागेतले मुनवे आणू नयेत, शेजाऱ्याने फुकट दिले तरी. दर आठवड्याला बागेत फेरी मारून देठावरच्या गर्द हिरव्या रेघा पाहाव्यात. रोगट झाड दिसलं की आधी त्यावरचा मावा मारावा, कारण झाड हलवलं की मावा शेजारच्या झाडावर जातो. मग झाड कंदासकट खणून, तुकडे करून नष्ट करावं. उरलेल्या कंदातून फूट आली तर तिच्यातही विषाणू असतो. कोणतं कीटकनाशक आणि किती, हे कृषी विज्ञान केंद्राला विचारावं, किंवा किसान कॉल सेंटरला १८००-१८०-१५५१ या मोफत क्रमांकावर मराठीत विचारता येतं.

घड नसलेलं, पण हिरवं दिसणारं झाड उपटायला हात धजत नाही, हे खरं आहे. पण त्याच्या शेंड्यात बसलेला मावा उरलेली बाग घेऊन जातो. ट्रॉम्बेची रोपं परवानगी मिळून शेतात येतील तेव्हा येतील. तोवर पर्णगुच्छ रोखायचा तो निरोगी रोप, माव्यावर नजर आणि वेळेवर चालवलेली कुदळ यांनीच.